स्काउट-गाईडच्या पथकाला स्वतःहून आलेली माणसे हवीत
महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी एका सहकारी बँकेत नोकरी करते आणि रविवारी सकाळी पुण्यातल्या एका गाईड कंपनीचे काम पाहते. कंपनी म्हणजे दहा ते सतरा वर्षांच्या मुलींचे पथक, आणि मी त्या पथकाची कॅप्टन. मी शिक्षिका नाही. या कामाला मानधन नाही आणि कोणाच्या आदेशाने ते माझ्याकडे आलेले नाही. या चळवळीत माझ्यासारखी बाहेरून आलेली माणसे फार थोडी आहेत. ती वाढावीत, म्हणून हे पत्र. अर्ज करून टपालात टाकण्याऐवजी ते उघड लिहिते आहे, कारण यातले निम्मे मागणे शासनाकडे आहे आणि निम्मे हे पत्र वाचणाऱ्या साध्या स्त्री-पुरुषांकडे.

२०२५ च्या जूनमध्ये शाळांमधून पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याची कल्पना शासनाने मांडली. माजी सैनिकांबरोबर क्रीडाशिक्षक, एनसीसी आणि स्काउट-गाईड यांचीही मदत घेऊ, असे तेव्हा सांगण्यात आले. मुलांना शिस्त लागावी, अंग काटक व्हावे, देशाची ओढ वाटावी, या हेतूंशी माझा वाद नाही. मात्र त्या यादीत आमचे नाव वाचल्यावर ही चळवळ नेमकी कशावर उभी आहे, हे स्पष्ट सांगणे मला गरजेचे वाटू लागले. एनसीसी संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, १९४८ च्या कायद्याने ती स्थापन झाली. तिचे काम वेगळे आणि आपल्या जागी मोलाचे आहे. स्काउट-गाईड ही नागरिकांनी नागरिकांच्या मुलांसाठी चालवलेली चळवळ आहे.

या चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल सैन्यातले अधिकारी होते, हे खरे. १८९९ मध्ये त्यांचे सैनिकांसाठी लिहिलेले टेहळणीचे पुस्तक निघाले. इंग्लंडमधले शिक्षक ते शाळेत वापरू लागले आहेत असे कळल्यावर त्यांनी मुलांसाठी वेगळे पुस्तक लिहायला घेतले, आणि त्यातून लष्करी उद्देश काढून टाकला. कल्पना आधी पारखून पाहावी म्हणून १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले. काही मुले श्रीमंतांच्या निवासी शाळांतली होती, काही पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या कष्टकरी घरांतली. त्यांचे छोटे गट पाडले आणि प्रत्येक गटाचा नायक मुलांमधूनच नेमला. पुढच्या वर्षी ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ प्रसिद्ध झाले. सतत कवायत करून घेतल्याने मुलाचे वेगळेपण पुसले जाते, असे या लष्करी माणसाचेच मत होते. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउटांचा मेळावा भरला, तेव्हा कोणी बोलावलेले नसताना काही मुली गणवेशासारखे कपडे घालून तिथे हजर झाल्या आणि आम्हालाही हे हवे म्हणाल्या. त्यातून १९१० मध्ये गाईड चळवळ सुरू झाली.

आपल्या देशातला इतिहास तर आणखी बोलका आहे. १९०९ मध्ये बंगळुरात पहिले पथक निघाले, पण त्यात प्रवेश युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांनाच होता. भारतीय मुलांसाठी दार बंद म्हटल्यावर मोठी माणसे पुढे आली. १९१६ मध्ये मद्रासला अ‍ॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी भारतीय मुलांची संघटना उभी केली. अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी १९१८ मध्ये सेवा समितीची स्काउट संघटना सुरू केली. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळे प्रवाह एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ ही संस्था झाली, पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गाईडही तिच्यात सामील झाल्या. या साऱ्या वाटचालीत मला एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. प्रत्येक वळणावर कोणी तरी प्रौढ माणूस आपल्या कामधंद्यातून वेळ काढून स्वतःहून मुलांमध्ये येऊन उभा राहिला आहे.

आज महाराष्ट्रात ही चळवळ मुख्यतः शाळेच्या आत जगते. मुख्याध्यापक एका शिक्षकाला सांगतात, यंदा स्काउट तुमच्याकडे. बत्तीस मुलांची नोंदणी होते, गणवेश येतो, स्कार्फ आणि तो अडकवायचे वॉगल येतात, २६ जानेवारीला संचलन होते. जीव ओतून पथक चालवणारे कितीतरी शिक्षक मी पाहिले आहेत. प्रशिक्षणात मला ज्यांनी घडवले, तीही शिक्षक मंडळीच होती. पण हे काम वाट्याला आले म्हणून करणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांना दोष देता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामांपासून संरक्षण दिले, तरी जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामे त्याच कलमाने त्यांच्याकडे ठेवली. वर ऑनलाइन माहिती भरायची, पोषण आहाराच्या नोंदी ठेवायच्या. इतके सगळे आटोपून रविवारीही मुलांना घेऊन डोंगरावर जा, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

त्यात सवलतीच्या गुणांची भर पडते. प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी स्काउट-गाईडची चढती वाट आहे. दहावीच्या परीक्षेत या कामगिरीसाठी सवलतीचे गुण मिळू शकतात. मुलांच्या कष्टाची दखल घ्यावी, हा त्यामागचा विचार चांगला आहे. पण गुण मिळतात म्हणून पालक मुलाला पथकात घालतात आणि गुण मिळवून द्यायचे म्हणून शाळा वह्या भरून घेतात, तेव्हा हातात प्रमाणपत्र येते आणि खुंटा गाठ बांधायची वेळ आली की मूल इकडेतिकडे बघत राहते. चळवळीचा सांगाडा उरतो.

आता पथकातल्या मोठ्या माणसाचे खरे काम काय, ते सांगते.

आमच्या कंपनीत चार संघ आहेत आणि त्यांना फुलांची नावे आहेत. प्रत्येक संघात सहा ते आठ मुली, त्यांची एक संघनायिका. संघनायिकांची मानसभा भरते. शिबिर कुठे न्यायचे, खर्च किती, नव्या मुलीला कोणत्या संघात घ्यायचे, शिस्त मोडली तर काय करायचे, हे तिथे ठरते. कॅप्टन तिथे बसते, विचारले तर सांगते, सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर न विचारताही सांगते. बाकीच्या वेळी ऐकून घेते. मुलींना काम करू देणे आणि आपण थोडे मागे उभे राहणे, हेच या कामातले कौशल्य. ते शिकायला मला फार दिवस लागले.

एकदा पानशेतच्या बाजूला शिबिर होते. प्रत्येक संघाची चूल वेगळी, शिधा ज्याचा त्याने आणायचा. एका संघाच्या यादीत मीठच नव्हते. माझ्या पिशवीत मीठ होते आणि मुलींना ते ठाऊक होते. मी दिले नाही. थोडा वेळ रुसवेफुगवे झाले, एकमेकींवर ढकलाढकली झाली. मग सर्वांत लहान मुलगी चार कांदे घेऊन शेजारच्या संघाकडे गेली आणि वाटीभर मीठ घेऊन आली. पुढच्या शिबिराची यादी त्या संघाने दोनदा तपासली. शिक्षिका म्हणून किंवा आई म्हणून तिथे असते, तर मुले उपाशी राहतील या काळजीने मी आधीच पुडी काढून दिली असती आणि त्यात काही वावगेही नव्हते. पथकातल्या मोठ्या माणसाला मात्र दुसरी भूमिका घ्यावी लागते.

‘खरी कमाई’, म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवायच्या आठवड्यात मुलींनी एका सोसायटीच्या आवारात भेळेचा गाडा लावला होता. हिशेबाला बसल्या तेव्हा मानसभेत वाद पेटला. चिंचेची चटणी एकीच्या आईने घरून करून दिली होती, तिची किंमत खर्चात धरायची की नाही? पैसे तर दिलेले नाहीत, असे दोघींचे म्हणणे. आईचे दोन तास गेले आणि गॅसही जळला, असे तिसरीचे. शेवटी किंमत धरली, नफा कमी दाखवला आणि तेवढे पैसे त्या बाईंना नेऊन दिले. घरातल्या श्रमाला मोल असते, हे त्या मुलींना धड्यात वाचून इतके पटले असते, असे मला वाटत नाही. त्या वादात माझे एकही वाक्य नव्हते.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते, कारण ती लिहिली जात नाही. शिबिरात एखाद्या मुलीला पहिल्यांदा पाळी येते. ती घाबरलेली असते, घरापासून लांब असते, तंबूत सहा जणी असतात. अशा वेळी कॅप्टनच्या पेटीत पॅड असावे लागतात, कोरडे कपडे असावे लागतात आणि तिच्याशी साध्या आवाजात बोलता यावे लागते. आमच्या कंपनीत पाळी आली म्हणून कोणी ध्वजापासून लांब उभी राहत नाही आणि कोणी चुलीपासून दूर बसत नाही. मोठ्या मुली धाकट्यांना हे आपसूक सांगतात. घरी वेगळे नियम असलेल्या मुलीही इथे ते पाहून जातात.

वाढत्या वयाच्या मुलामुलीला आई, वडील, शिक्षक आणि क्लासचे सर यांच्याखेरीज आणखी एक मोठा माणूस हवा असतो. गुणपत्रिकेशी आणि घराण्याच्या अब्रूशी ज्याचा संबंध नाही, जो दर रविवारी येतो, नाव लक्षात ठेवतो आणि गेल्या आठवड्यात काय ठरले होते ते विचारतो. पूर्वी वाड्यात, चाळीत, तालमीत अशी माणसे भेटत. आज बंद दारांच्या इमारतींत ती भेटत नाहीत. हा माणूस आपल्या मर्जीने आला आहे, हे मुलांना फार लवकर कळते, आणि म्हणून त्या माणसाचा शब्द त्यांच्या लेखी वेगळ्या वजनाचा असतो.

स्काउट-गाईडच्या नियमांत यासाठी जागा आहे. शाळेबाहेरची, वस्तीतली मुक्त पथके नोंदवता येतात आणि शिक्षक नसलेली माणसे प्रशिक्षण घेऊन ती चालवू शकतात. मुक्त पथकाचा आणखी मोठा फायदा असा, की एकाच संघात वेगवेगळ्या शाळांच्या मुली येतात. आपल्या शहरांतल्या शाळा आता फीप्रमाणे विभागल्या आहेत. आमच्याकडे इंग्रजी शाळेतली मुलगी आणि महापालिकेच्या शाळेतली मुलगी एका तंबूत झोपतात. पाणी जपून कसे वापरायचे, हे पहिलीला दुसरीने शिकवले. ब्राउनसी बेटावर जे ठरवून केले होते, ते इथे पुण्यात होताना मी पाहते आहे.

पुणेकर म्हणून आणखी एक सांगावेसे वाटते. जगभरच्या गाईड चळवळीच्या पाच जागतिक केंद्रांपैकी एक, ‘संगम’, आपल्या पुण्यात १९६६ पासून उभे आहे. देशोदेशीच्या तरुण मुली तिथे स्वयंसेवक म्हणून येऊन राहतात आणि काम करतात. अशा शहरातल्या मुलींना मात्र घराजवळ गाईड कंपनी सापडू नये, हे मला बरे वाटत नाही.

मोठी माणसे बोलवायची म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. याबाबत मी अजिबात सवलत मागत नाही. अमेरिकेतल्या बॉय स्काउट संघटनेवर लैंगिक अत्याचारांच्या तक्रारींचा डोंगर उभा राहिला. २०२० मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, पुढे ८० हजारांहून अधिक पीडितांनी दावे केले आणि दोन अब्ज डॉलरहून मोठा भरपाईचा निधी ठरला. मुलांचा विश्वास हे ज्या चळवळीचे भांडवल, तिथे विश्वासघाताला वाव राहिला तर काय होते, याचा हा धडा आहे. म्हणून कोणताही मोठा माणूस एखाद्या मुलाबरोबर बंद जागेत एकटा असणार नाही, प्रत्येक सभेला आणि शिबिराला किमान दोन प्रशिक्षित प्रौढ असतील, पोलीस पडताळणीशिवाय कोणाला पथक मिळणार नाही आणि पालक केव्हाही येऊन पाहू शकतील, हे नियम लेखी हवेत आणि पाळले जातात की नाही हे तपासले जायला हवे. अत्याचाराची माहिती असून ती पोलिसांना न देणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, हे प्रत्येक नव्या स्काउटरला आणि गाईडरला, म्हणजे पथक चालवणाऱ्या प्रौढाला, पहिल्याच दिवशी शिकवले पाहिजे.

मंत्रिमहोदय, आपल्याकडे माझ्या चार मागण्या आहेत. त्यांतल्या एकीलाही मोठा निधी लागत नाही.

पहिली, शाळांची मैदाने आणि एखादी खोली रविवारी सकाळी नोंदणीकृत मुक्त पथकांना विनाशुल्क मिळावी. आमची कंपनी एका संस्थेच्या आवारात भरते आणि लग्नसराईत ते आवार मिळत नाही. त्याच रस्त्यावरच्या शाळेचे मैदान रविवारी कुलूपबंद असते.

दुसरी, प्रशिक्षणासाठी विशेष नैमित्तिक रजा मिळावी. पथक चालवायचे तर बेसिक अभ्यासक्रम लागतो, तो आठवडाभराचा निवासी असतो. पुढे अ‍ॅडव्हान्स्ड आणि मग हिमालय वुड बॅज. १९१९ मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कला वुड बॅजचा पहिला वर्ग भरला, तेव्हापासून जगभर मोठ्या माणसांना आधी संघात राहून, स्वतः तंबू ठोकून आणि स्वतः रांधून हे शिकावे लागते. आपल्याकडे पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. शिक्षकांना अशा वर्गासाठी कामावर असल्याचे धरले जाते. एसटीतला वाहक, रुग्णालयातली परिचारिका किंवा बँकेतला लिपिक यांना मात्र आपली हक्काची रजा खर्चावी लागते. शासकीय, निमशासकीय आणि सहकारी संस्थांतल्या कर्मचाऱ्यांना ही सोय झाली, तर माणसे येतील.

तिसरी, शाळेत पथकाची जबाबदारी शिक्षकाच्या संमतीनेच दिली जावी आणि जो घेईल त्याची तेवढी दुसरी कामे कमी व्हावीत. जिथे कोणी तयार नसेल, तिथे त्या शाळेने परिसरातले मुक्त पथक आपले मानावे.

चौथी, स्काउट-गाईडला लष्करी प्रशिक्षणाच्या योजनेत मिसळू नये. माजी सैनिक आमच्याकडे जरूर यावेत. नकाशा वाचणे, प्रथमोपचार, दोरखंडाचे काम, रात्री दिशा ओळखणे यांत त्यांच्याइतका जाणकार कोण मिळणार? फक्त त्यांनीही आधी बेसिक अभ्यासक्रम करावा आणि हुकूम सोडण्याऐवजी संघनायकाला निर्णय घेऊ द्यायची सवय लावून घ्यावी.

आता हे पत्र वाचणाऱ्या इतरांशी दोन शब्द. आपल्याला गाठी येत नाहीत, गाणी येत नाहीत, डोंगर चढवत नाही, अशी कारणे मी खूप ऐकली आहेत. गाठी आठवड्यात येतात. शेकोटीची गाणी मुले शिकवतात. पथकाला हिशेब लिहिणारा माणूस लागतो, शिबिराची गाडी ठरवणारा लागतो, जखम बांधणारी परिचारिका लागते, पंक्चर काढायला शिकवणारा गॅरेजवाला लागतो. चळवळीला सर्वांत जास्त गरज आहे ती ठरलेल्या वेळी येणाऱ्या आणि पुढच्या वर्षीही येणार असलेल्या माणसांची. निवृत्त असाल तर उत्तम, नोकरीत असाल तरी चालेल. वीस-बावीस वर्षांचे असाल तर मुलांना तुम्ही अधिकच जवळचे वाटाल. आपल्या जिल्ह्याच्या स्काउट-गाईड कार्यालयात जाऊन विचारा, जवळ कोणते पथक आहे, नसेल तर काढायला काय लागते. महिनाभर एखाद्या पथकाची सभा नुसती पाहा आणि मग ठरवा.

मंत्रिमहोदय, नागरिकत्व हा विषय आपल्या अभ्यासक्रमात आहे. पण चार जणांनी मिळून ठरवणे, ठरलेले निभावणे, पैशाचा चोख हिशेब देणे आणि आपल्यापेक्षा लहानाला सांभाळून घेणे ही त्याची खरी परीक्षा आहे, आणि ती मुले पथकात दर आठवड्याला देतात. त्यासाठी आम्ही नागरिक वेळ द्यायला तयार आहोत. शाळेचे फाटक उघडणे, रजेचा एक आदेश काढणे आणि सुरक्षिततेचे नियम कडक करणे आपल्या हाती आहे. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी आपण एवढे केलेत, तर निदान माझ्या वस्तीत दुसरे पथक उभे करायची जबाबदारी मी घेते.

आपली नम्र,
एक गाईड कॅप्टन
पुणे